लाकडावर अक्षर कोरणारे संगणकी यंत्र : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या कापड दुकानावर असे काही तरुण येऊ लागले आहेत, ज्यांना कापड नको असते. ते गादीच्या कडेला टेकतात, चहा घेतात आणि मग हळूच विचारतात, "चाचा, ते लाकूड कोरायचे मशीन तुम्हाला कितीला पडले? त्यात कमाई आहे का?" कोणी जुन्या नाशकातला असतो, कोणी वडाळ्याचा, एक-दोघे तर मालेगावहून आले होते. प्रत्येकाने मोबाईलवर ते यंत्र चालताना पाहिलेले असते. फळी ठेवली, बटन दाबले आणि थोड्याच वेळात वेलबुट्टी तयार, असे त्या चित्रात दिसते. त्यात जे दिसत नाही तेच या पानावर मांडण्याचा विचार आहे, कारण या पोरांपैकी बहुतेकांच्या खिशात वडिलांची किंवा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम असते.

या यंत्राला सीएनसी राउटर म्हणतात. एका पाटावर फळी घट्ट बसवायची. पाटाच्या वर एक आडवा पूल असतो, त्यावर वेगाने फिरणारी मोटर म्हणजे स्पिंडल, आणि स्पिंडलच्या तोंडात कटर. पूल पुढे-मागे जातो, स्पिंडल डावी-उजवीकडे जाते आणि वर-खाली होते. या तीन चालींना एक्स, वाय आणि झेड अशी नावे आहेत. कोणत्या चालीने किती जायचे हे संगणकातली फाईल ओळीओळीने सांगते. ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. येवल्याला पैठणीच्या मागावर जकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी ज्याने पाहिली असेल, त्याला हे चटकन कळेल. भोक असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे नाही. फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमारास जी युक्ती मागाला लावली, तिच्याच जातीची युक्ती अमेरिकेत एमआयटी या संस्थेने १९५२ साली धातू कापणाऱ्या यंत्राला लावून दाखविली. तेथे पुठ्ठ्याऐवजी कागदी फीत होती, आज फाईल आहे. कारखान्यात ही यंत्रे जुनी झाली. सातपूर-अंबडच्या वसाहतीत धातूचे काम त्यांच्यावरच चालते. नवे आहे ते एवढेच, की लाकडासाठीचे छोटे यंत्र आता घरातल्या खोलीत मावते आणि साध्या सिंगल फेजच्या विजेवर चालते.

आम्ही ते घेतले भाच्यासाठी. त्याने सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतले आहे आणि कंपनीतल्या कंत्राटी कामाला कंटाळला होता. विचार असा होता की रेहल, जाळ्या, नावाच्या पाट्या आणि अरबी-उर्दू अक्षरांचे फलक करावेत. हप्त्यावर घ्यायचे नाही हे मी आधीच ठरविले होते. त्यामुळे यंत्र लहान घ्यावे लागले, दोन फूट बाय दोन फूट कामाच्या जागेचे. बाजारात ३०१८ या नावाने त्याहूनही लहान यंत्र मिळते, म्हणजे साधारण तीस बाय अठरा सेंटीमीटर जागा. शिकण्यासाठी ते चांगले आहे. पण त्याची मोटर दुबळी आणि सांगाडा हलका, सागवानात खोल जाऊ लागले की थरथरते. त्यावर धंद्याची ऑर्डर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यातून निघालेला सांगाडा

यंत्र खोक्यातून सुट्या भागांत आले. भाच्याने पुस्तिका बघून दोन दिवसांत जोडले आणि लगेच गुलाबाचे फूल कोरून दाखविले. आम्ही खूश. आमच्याकडे बसणारे जुने मिस्त्री, वय साठीच्या पुढे, हाताने कोरीव काम करीत आलेले, त्यांनी फूल हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "शेठ, फुलाला गुण्या लागत नाही. चौकट काढून दाखवा."

चौकट काढली. यंत्राकडून पाचशे मिलिमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोके पाडून घेतली आणि मिस्त्रींनी आडवे कर्ण मोजले. पाचशेच्या चौकोनाचा कर्ण ७०७ मिलिमीटर यायला हवा. एक कर्ण जास्त भरला, एक कमी, दोघांत तीन मिलिमीटरचा फरक. म्हणजे पूल तिरका बसला होता आणि पाचशे मिलिमीटरवर जवळजवळ दोन मिलिमीटर कोन सरकत होता. फुलात ते दिसत नाही. जाळीच्या चौकटीत, दाराच्या फ्रेममध्ये मात्र फट पडते आणि गिऱ्हाईक माल परत आणते. पुलाचे बोल्ट ढिले करून, थोडे सरकवून, पुन्हा भोके पाडून, पुन्हा मोजून, असे सहा वेळा केले तेव्हा दोन्ही कर्ण सारखे आले. या कामाला संगणक लागत नाही, टेप लागतो.

त्यानंतर चालीचे माप. हे गणित एकदा समजून घ्यावे, म्हणजे पुढे कोणी फसवीत नाही. यातली स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ तुकडे करतो असे धरले, तर एका फेऱ्याची १,६०० पावले झाली. आमच्या यंत्राचा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जातो. १,६०० ला ५ ने भागले की ३२०. हा ३२० चा आकडा, म्हणजे एका मिलिमीटरला किती पावले, कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. मग यंत्राला ४०० मिलिमीटर जायला सांगावे आणि पट्टीने मोजावे. बरोबर निम्मे किंवा दुप्पट अंतर गेले, तर ड्रायव्हरवरची बारीक बटने चुकीची लावलेली आहेत. थोडाच फरक असेल तर आधी पट्टी बदलून पाहावे आणि ढिले बोल्ट शोधावेत. आकड्याला हात सर्वांत शेवटी लावावा. भाच्याने उलट केले होते. आकडा बदलत बसला आणि दोष बोल्टमध्ये होता.

येथे एक गमतीची गोष्ट. लहान कटरची दांडी ३.१७५ मिलिमीटर जाडीची असते. हा विचित्र आकडा पाहून भाचा गोंधळला. मिस्त्री म्हणाले, "हे तर एक सूत झाले." खरेच, इंचाचा आठवा भाग, आपल्या सुताराचे एक सूत, बरोबर ३.१७५ मिलिमीटर होते. माझी सारी उमर सुताच्या धंद्यात गेली, पण हे सूत मला ठाऊक नव्हते!

विजेचा दोष, यंत्रावर आळ

पहिल्या महिन्यात यंत्र मधूनच थांबायचे. कोरणे चालू असताना पडद्यावर मर्यादेचा अलार्म यायचा, जणू पूल टोकाला जाऊन बटनावर आदळला. प्रत्यक्षात पूल मध्यावर असायचा. कधी संगणकाशी असलेला संपर्कच तुटायचा. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणायचा सॉफ्टवेअर नवे टाका. आम्ही तीनदा टाकले.

स्पिंडल बंद ठेवून तीच फाईल हवेत चालविली, तर ती शेवटपर्यंत गेली. स्पिंडल चालू केली की अलार्म. तेव्हा दोष फाईलमध्ये नाही, स्पिंडलच्या विजेत आहे, हे उघड झाले. स्पिंडलचा वेग ज्या खोक्यातून नियंत्रित होतो त्याला व्हीएफडी म्हणतात. ते विजेची फार खळबळ करते आणि शेजारून जाणाऱ्या बारीक तारा ती पकडतात. कंट्रोलरला वाटते कोणी बटन दाबले. त्यासाठी स्पिंडलची केबल जाळीच्या आवरणाची असावी, ते आवरण व्हीएफडीच्या बाजूला अर्थिंगला जोडावे, बटनांच्या तारा तिच्यापासून दूर न्याव्यात आणि यूएसबीची तार आखूड ठेवावी, असे सांगितले जाते. आम्ही सर्व केले. अलार्म कमी झाले, पण थांबले नाहीत.

शेवटी ओळखीच्या वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला. तीन पिनांचा सॉकेट होता, परंतु वरच्या जाड पिनेला मागे तारच नव्हती. जुन्या नाशकातल्या कित्येक घरांत हीच स्थिती आहे. दोन तारांवर घर चालते आणि तिसरे भोक शोभेला असते. अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून, पाईप पुरून अर्थिंग घेतले. त्या दिवसापासून अलार्म बंद. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ, पण महिनाभर आम्ही बिचाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देत होतो. शिवाय अर्थिंग नसलेल्या धातूच्या सांगाड्याला हात लावणे हा जिवाशी खेळ आहे, तो आणखी वेगळा.

व्हीएफडीविषयी आणखी एक इशारा. ही स्पिंडल आपल्या घरातल्या मोटरसारखी पन्नास हर्ट्झची नसते. चोवीस हजार फेऱ्यांच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ लागतात. नव्या व्हीएफडीत मूळ आकडा पुष्कळदा ५० भरलेला असतो. तो न बदलता स्पिंडल चालविली तर ती तापून जळू शकते. पुस्तिकेतले ते पान आधी वाचावे, मग वीज जोडावी.

आणि वीज गेली तर? यंत्र आपली जागा विसरते. म्हणून फळीच्या एका कोपऱ्यावर बारीक भोक पाडून तोच शून्यबिंदू ठरवावा, म्हणजे पुन्हा तेथून सुरुवात करता येते. काही जण संगणक आणि कंट्रोलर इन्व्हर्टरवर ठेवतात आणि स्पिंडल थेट विजेवर. हे घातक आहे. वीज गेली की कटर फिरायचा थांबतो, पण पूल चालतच राहतो आणि कटर फळीत अडकून मोडतो. आमचे दोन मोडले.

अक्षरांचा प्रश्न

आता ज्या कामासाठी यंत्र घेतले त्याकडे येतो. वेलबुट्टी आणि अक्षर यांत फार अंतर आहे. वेलीचे एक पान कमी आले तर कोणाला कळत नाही. अक्षराचा एक नुक्ता गेला तर 'खे'चा 'हे' होतो आणि अर्थ बदलतो. जेथे अल्लाहचे कलाम आहे तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

आमची पहिली चूक अशी झाली. यंत्र तपासण्यासाठी आधी आठ कोनांचा तारा कोरला, मग फुलांची वेल. दोन्ही उत्तम आले. त्यानंतर एका गिऱ्हाइकाच्या घरासाठी 'माशाअल्लाह'चा फलक लावला. भाचा अस्रच्या नमाजला गेला होता. यंत्राजवळ मदतीला ठेवलेला मुलगा होता, मराठी शाळेत शिकलेला, कामाला हुशार, पण ती लिपी त्याला अपरिचित. मी सहज डोकावलो तर मीम डाव्या हाताला! सारा मजकूर आरशात दिसावा तसा उलटा कोरला जात होता. लहानपणी शाळेत तख्तीवर बोरूने गिरविलेले अक्षर डोळा विसरत नाही, म्हणून क्षणात कळले. त्या मुलाचा काही दोष नव्हता. एका मोटरची दिशा जोडतानाच उलटी झाली होती, आणि तारा काय, वेल काय, दोन्ही उलटे केले तरी तसेच दिसतात. यंत्र पूर्ण बंद करून मोटरच्या एका जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल केली, काम झाले. दिशा कंट्रोलरमधूनही बदलता येते. तेव्हापासून पहिली चाचणी 'क' अक्षर कोरून घेतो. उलटा 'क' त्या मुलालाही दिसतो.

दुसरा प्रश्न फाईलचा. लाकडाच्या कामाची पुष्कळ सॉफ्टवेअर अरबी लिपी समजत नाहीत. मजकूर टाकला की अक्षरे सुटी होतात आणि डावीकडून मांडली जातात. उर्दूसाठी इनपेजमध्ये मजकूर जुळवून, त्याच्या रेषा करून, चित्र म्हणूनच तो पुढे न्यावा. नस्तालीक लिपी संगणकावर आली ती १९८१ साली, मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे. त्यात अक्षर-अक्षर न जोडता हजारो जोडशब्द अखंड लिहून ठेवलेले आहेत, म्हणूनच ती डोळ्याला खरी वाटते. कुरआनच्या आयती मात्र स्वतः टाईप करू नयेत. मदीना येथील किंग फहद संकुलाने खत्तात उस्मान ताहा यांच्या लिपीवर आधारलेले फॉन्ट दिलेले आहेत, त्यातून घ्याव्यात. एवढे ध्यानात असावे की आपल्याकडे घरोघर असलेल्या हिंदुस्थानी छपाईच्या कुरआनात मात्रांच्या काही खुणा वेगळ्या असतात. गिऱ्हाईक "हे आमच्यासारखे नाही" म्हणून शंका काढते. ते आधीच दाखवून ठरवावे.

तिसरी गोष्ट कोरण्याच्या पद्धतीची. अक्षरे व्ही आकाराच्या कटरने कोरतात, त्यामुळे रेघ कोठे जाड, कोठे बारीक अशी कलमासारखी येते. नव्वद अंशांचा कटर जितका खोल जातो, त्याच्या दुप्पट रुंद रेघ पडते. आता पाट एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर खाली असेल, तर त्या कोपऱ्यातली रेघ एक मिलिमीटर बारीक होणार. मोठ्या अलिफला काही होत नाही, नुक्ते मात्र पुसट होतात, जेर-जबर नाहीसे होतात. म्हणून पाटावर एक जादा एमडीएफची फळी कायमची बसवून, तिचा माथा यंत्राकडूनच रुंद कटरने सपाट करून घ्यावा. सपाट करताना बोटाला धारा लागल्या, पायऱ्या जाणवल्या, तर स्पिंडल सरळ उभी नाही असे समजावे आणि ती ओळंब्यात आणावी.

आरपार कापलेल्या जाळीत अक्षरे असतील तर नुक्ते सुटे होऊन खाली पडतात, हे तर सांगायलाच नको. 'मीम'च्या आतला डोळाही पडतो. एक तर मागे पातळ फळी चिकटवावी, नाही तर बारीक पूल सोडावेत. पूल सोडल्याने अक्षर बिघडते. मला मागे फळी लावणे पसंत आहे.

बिघडलेला फलक

रमजानपूर्वी एका मशिदीच्या दारावर लावण्यासाठी 'बिस्मिल्लाह'चा फलक हवा होता. वखारीतून डांगी सागवानाची जुनी, वाळलेली फळी आणली, मिस्त्रींनी रंधा मारला. दोन तासांचे काम. दीड तास सर्व ठीक झाले आणि मग 'अर्रहीम' सुमारे तीन मिलिमीटर डावीकडे सरकून कोरले गेले. रे आणि हे एकमेकांत घुसले. फळी गेली, तारीख जवळ आली आणि त्याहून मोठे म्हणजे ज्या लाकडावर ते नाव कोरले, ते ना वापरता येईना, ना भंगारात टाकता येईना. इमाम साहेबांना विचारले. मशिदीत जीर्ण पाने जेथे अदबीने ठेवतात तेथे ती फळी दिली.

भाचा म्हणाला, "मामू, फाईल खराब असेल." फाईल पुन्हा तयार केली. मग वेग कमी केला. मग संगणक बदलला. एकेक दिवस गेला. चौथ्या दिवशी मी म्हटले, कापडात सूट कमी भरली की आम्ही आधी गज तपासतो, गिऱ्हाइकावर संशय घेत नाही. यंत्राचे हातपाय तपासू या. एक्सच्या मोटरचा दांडा स्क्रूला एका लहान कपलरने जोडलेला असतो. दांडा आणि कपलर दोन्हींवरून पेनने एक सरळ रेघ मारली, फळी न ठेवता अर्धा तास हवेत यंत्र चालविले आणि पाहिले. रेघेचे दोन तुकडे वेगळे झाले होते. कपलरचा बारीक स्क्रू ढिला होता. मोटर पूर्ण फिरे, स्क्रू थोडा मागे राही. मोटरच्या गोल दांड्यावर कानशीने छोटी सपाट जागा केली, स्क्रूला न सुटणारे लोशन लावून तो आवळला. त्यानंतर हा दोष आलेला नाही, अल्हम्दुलिल्लाह.

नक्षी मध्येच सरकण्याची आणखीही कारणे असतात. वेग किंवा वेगाची वाढ फार ठेवली, ड्रायव्हरला करंट कमी पडला, स्क्रूमध्ये भुसा अडकला, किंवा फळीच क्लॅम्पमधून हलली. फळी हलली की नाही हे तिच्या कडेला पेन्सिलची रेघ ओढून लगेच कळते. वर्तुळ कोरले आणि ते वर-खाली, डावी-उजवीकडे अशा चार जागी चपटे आले, तर तो वेगळा रोग. तेथे नट आणि स्क्रूमध्ये ढिलाई असते. दिशा बदलताना यंत्र क्षणभर जागेवरच फिरते.

आता आमच्याकडे नियम आहे. कुरआनी मजकूर असेल तर कटरच्या जागी बॉलपेन बांधून आधी कागदावर बाह्यरेषा काढायच्या. तो कागद हाफिज साहेबांनी वाचून सही केल्याशिवाय लाकूड पाटावर चढत नाही. कागद जपून ठेवतो. यात एक दिवस जास्त जातो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. कुरकुरू द्यावे.

लाकूड, कटर, भुसा

सागवानात सूक्ष्म वाळूचा अंश असतो, त्यामुळे साध्या पोलादी कटरची धार लवकर जाते. कार्बाईडचाच घ्यावा. कटरच्या दोन जाती लक्षात ठेवाव्यात. एक भुसा वर फेकतो, त्याने वरची कड फाटते. दुसरा खाली दाबतो, त्याने वरची कड स्वच्छ राहते. प्लायवूडला दुसरा बरा. वेगाचा हिशेब असा की मिनिटाला किती मिलिमीटर पुढे जायचे, त्याला फेऱ्या आणि कटरच्या धारांच्या संख्येच्या गुणाकाराने भागावे. १८,००० फेऱ्या, दोन धारा आणि १,८०० मिलिमीटर म्हणजे एका धारेला ०.०५ मिलिमीटरचा घास. नवशिके भीतीने पूल फार हळू चालवितात. मग कटर लाकूड कापत नाही, घासतो, आणि ते काळे पडते. पिठासारखी धूळ निघाली तर घास वाढवावा, पातळ छिलके निघाले तर ठीक चालले आहे.

एमडीएफ स्वस्त आणि सपाट, पण नाशिकच्या पावसाळ्यात उघडी कड फुगते. कोरल्याबरोबर कडांना सीलर मारावा. आणि एमडीएफवर सागवानाचा पापुद्रा लावून "सागवान" म्हणून विकणारे बाजारात आहेत. आम्ही बिलावर एमडीएफ असेच लिहितो. काही गिऱ्हाइके त्यामुळे जातात, हेही खरे.

भुशाची गोष्ट थट्टेवारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. एमडीएफच्या धुळीत डिंकाचे फॉर्माल्डिहाइडही असते. व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्या आधी झाकणाची बादली लावली की जाड भुसा बादलीत राहतो आणि क्लीनर तुंबत नाही. तोंडावर चांगला मास्क. आवाजामुळे शेजारी भांडायला येतात, म्हणून आम्ही मगरिबनंतर यंत्र लावत नाही. व्हॅक्यूम, अर्थिंग, स्टॅबिलायझर, कटर आणि बिघडलेल्या फळ्या, हे सारे धरून यंत्राच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतका आणखी पैसा गेला. तो कोणी विकणारा सांगत नाही.

मिस्त्रींचे काय?

हा प्रश्न मला मशिदीच्या पायऱ्यांवर विचारला गेला आणि तो रास्त आहे. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा ज्या शहरात उभा आहे, तेथे लाकूड कोरणारे हात कमी होत चालले आहेत, यंत्र येण्याच्या आधीपासून. यंत्राने वेलबुट्टीचे साधे काम मिस्त्रींच्या हातून घेतले, हे मी नाकारीत नाही. पण सरळ बाजूचा कटर गोल फिरतो, त्यामुळे आतला कोपरा तो कधीच टोकदार काढू शकत नाही, गोलाईच सोडतो. जाळीच्या प्रत्येक ताऱ्याचे आतले कोन आजही मिस्त्री पटाशीने साफ करतात आणि त्याचे नगावर पैसे घेतात. गुण्या तेच तपासतात, लाकडाचा रेषा कोणत्या दिशेने ठेवायचा तेच सांगतात. भाच्याला मी सांगितले आहे की त्यांची मजुरी फलकाच्या किमतीत पहिल्यांदा धरायची, उरल्यासुरल्यातून नाही. हिशेब पाहिला तर रेहल आणि नावाच्या पाट्यांवर बऱ्यापैकी सुटते. मोठ्या जाळ्यांवर वेळ फार जातो. मोबाईलचे स्टँड, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या असला माल सगळेच करतात, त्यात भाव राहिलेला नाही.

ज्यांना तरीही घ्यायचे आहे त्यांनी विकणाऱ्याकडे आपली फळी आणि आपली फाईल घेऊन जावे. आपल्या डोळ्यांसमोर एक वर्तुळ, एक पाचशेचा चौकोन आणि एक 'क' कोरून घ्यावा. वर्तुळ चार बाजूंनी बोटाने तपासावे, चौकोनाचे कर्ण मोजावेत. मग स्पिंडल चालू ठेवून यंत्र एक तास सलग चालवायला सांगावे आणि तो तास तेथेच बसून राहावे. सुटे भाग कोठे मिळतील आणि व्हीएफडीची पुस्तिका बरोबर आहे का, हे विचारून मगच पैसे मोजावेत. जो विकणारा "इतका वेळ नाही" म्हणेल, त्याच्याकडून परत यावे. बसभाडे गेले तर गेले.